स्वातंत्र्याची पुस्तके आणि आमचे घर



लोणावळ्याचा पाऊस काय असतो ते मावळच्या माणसाला सांगायला नको. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, तेव्हा इकडे आठ-आठ दिवस सूर्याचे दर्शन नसते. अंगावरचे कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, पुस्तकांना बुरशी धरते. मुंबई-पुण्याची मंडळी मोटारी घेऊन धबधबे पाहायला येतात आणि आमची माणसे छत्री सावरत कामाला निघतात. कोणी बंगल्यावर माळीकाम करतो, कोणी हॉटेलात भांडी घासते, कोणी चिक्कीची पाकिटे भरते, कोणी तळेगावच्या एमआयडीसीत पाळी करतो.

याच तीन महिन्यांत आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात दर रविवारी संध्याकाळी ग्रंथवाचन होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ तर गावोगावच्या विहारांत वाचला जातोच. त्याच्या जोडीला काही वर्षांपूर्वी आम्ही आणखी एक नेम धरला. देशाच्या स्वातंत्र्याची आणि माणसाच्या स्वातंत्र्याची पुस्तके एकेक करून वाचायची. त्या वाचनाची हकिकत आज सांगायची आहे. तीत आमची फजितीही आहे, पण ती लपवली तर हा लेख लिहिण्यात काही अर्थ उरत नाही.

लोकलमधली शाळा

आम्ही पुण्यात एका कार्यालयात कारकून आहोत. लोणावळा-पुणे लोकलचा प्रवास सव्वा-दीड तासाचा. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव, देहूरोड अशी स्टेशने मागे पडत जातात. आमचे वडील रेल्वेत गँगमन होते. ज्या रुळांवर त्यांनी उन्हापावसात घण चालवला, त्याच रुळांवरून जाऊन-येऊन आम्ही बी.कॉम. झालो. डब्यात जागा मिळाली की पत्तेवाले पत्ते काढतात, भजनवाले टाळ काढतात आणि आम्ही पुस्तक काढतो.

आमच्या हाती आलेले पहिले मोठे पुस्तक, म्हणजे आकाराने लहानच, पण कामाने मोठे, ते महात्मा जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलो होतो. तिथे अभिवादनाच्या रांगा असतात तशाच पुस्तकांच्या दुकानांच्याही रांगा असतात. खिशात परतीचे भाडे वगळून थोडेच पैसे उरले होते, म्हणून पातळ पुस्तक निवडले. लोकलमध्ये ते उघडले आणि पहिल्याच पानाने आम्हाला थांबवले. पुण्यातल्या एका माळ्याच्या मुलाने १८७३ साली पुस्तक लिहिले आणि ते अर्पण केले कोणाला? सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत, निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना! ना नात्याचे, ना गोत्याचे, ना देशाचे. कामशेत केव्हा गेले ते आम्हाला कळलेच नाही.

मग आम्ही शोध घेऊ लागलो की जोतीरावांना ही दृष्टी आली कुठून? उत्तर पुन्हा एका पुस्तकातच मिळाले. १८४७ साली, वयाच्या विशीत, जोतीरावांनी थॉमस पेन या लेखकाचे ‘राइट्स ऑफ मॅन’, म्हणजे मानवी हक्कांवरचे पुस्तक वाचले होते. हा पेन इंग्लंडमधल्या एका कारागिराचा मुलगा. बायकांच्या पोशाखातल्या कंबरेच्या ताठ चोळ्या शिवणे हा बापाचा धंदा, आणि पेनही तोच शिकला होता. पुढे तो अमेरिकेत गेला आणि जानेवारी १७७६ मध्ये त्याने ‘कॉमन सेन्स’ नावाचे एक लहानसे पुस्तक साध्या माणसाला समजेल अशा भाषेत लिहिले. अमेरिकेने इंग्लंडच्या राजाचे जू का झुगारावे, हे त्यात सांगितले होते. त्याच वर्षी ४ जुलैला अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केले. पुढे फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, तेव्हा तिची बाजू घेऊन पेनने १७९१-९२ मध्ये मानवी हक्कांवरचे पुस्तक लिहिले. त्यापायी इंग्लंडच्या सरकारने त्याच्यावर खटला भरला.

म्हणजे पहा, एकाच कारागिराच्या मुलाने एक पुस्तक देशाच्या स्वातंत्र्यासाठी लिहिले आणि दुसरे माणसाच्या. त्यातले दुसरे पुस्तक पुण्याच्या तरुणाने वाचले आणि पुढच्याच वर्षी, १८४८ मध्ये, मुलींची शाळा काढली. त्या शाळेत शिकवायला उभ्या राहिल्या सावित्रीमाई, ज्यांना स्वतः जोतीरावांनी शिकवले होते. वाचलेले पुस्तक त्यांनी आधी आपल्या घरात उतरवले. ही गोष्ट तेव्हा आम्ही वाचली, पण आमच्या डोक्यात शिरली नाही. का ते पुढे येईलच.

देश सुटतो, माणूस मागे राहतो

समाजमंदिरात आम्ही सात-आठ पुरुष जमू लागलो. एक निवृत्त रेल्वे कर्मचारी आहेत, त्यांना सगळी वस्ती दादा म्हणते. त्यांचा आवाज खणखणीत, म्हणून वाचन त्यांनी करायचे आणि चर्चा सर्वांनी करायची असे ठरले.

एके रविवारी कॉलेजात जाणाऱ्या एका तरुणाने विचारले, ‘‘दादा, बाबासाहेब स्वातंत्र्याच्या विरोधात होते असे आम्हाला वर्गात ऐकवतात. काय उत्तर द्यायचे?’’

दादा म्हणाले, ‘‘बाळ, उत्तर आपल्या मनाने द्यायचे नाही. पुस्तक उघडून द्यायचे.’’

मग आम्ही १९३० च्या नोव्हेंबरातले, लंडनच्या पहिल्या गोलमेज परिषदेतले बाबासाहेबांचे भाषण वाचले. इंग्रज सरकारच्या तोंडावर त्यांनी सांगितले होते की तुमच्या राज्यात अस्पृश्यांची दुःखे होती तिथेच राहिली, विहिरीवर पाणी भरता येत नव्हते ते येत नाहीच, म्हणून आम्हालाही तुमच्या जागी लोकांचे राज्य हवे आहे. मात्र त्या राज्यात सत्ता कोणाच्या हाती जाणार, हेही त्यांनी त्याच वेळी विचारले. देश स्वतंत्र झाला म्हणजे देशातला प्रत्येक माणूस आपोआप स्वतंत्र होतो, ही गोष्ट त्यांनी कधी मानली नाही. तो तरुण दुसऱ्या रविवारी त्या भाषणाची झेरॉक्स घेऊन कॉलेजात गेला.

हा प्रश्न एकट्या बाबासाहेबांचा नव्हता. अमेरिकेत फ्रेडरिक डग्लस नावाचा गुलाम होऊन गेला. त्याच्या मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकवायला घेतली, तर मालकाने ते बंद पाडले. वाचायला शिकलेला गुलाम गुलाम राहत नाही, हे मालकाला पक्के ठाऊक होते. डग्लस चोरून शिकला, पळून मुक्त झाला आणि १८४५ मध्ये त्याने आपले आत्मचरित्र छापले. १८५२ साली स्वातंत्र्यदिनाच्या भाषणाला बोलावले, तेव्हा त्याने गोऱ्या श्रोत्यांना सरळ विचारले की हा सण तुमचा आहे, गुलामाला त्याचे काय? आपल्याकडे देशाच्या स्वातंत्र्याला २५ वर्षे झाली तेव्हा, १५ ऑगस्ट १९७२ च्या ‘साधना’ साप्ताहिकाच्या अंकात राजा ढाले यांनी ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख लिहिला. त्यावर महाराष्ट्रभर वादळ उठले. देश वेगळे, भाषा वेगळ्या, पण दुखणे एकच. आणि साने गुरुजींसारखा माणूसही आठवला पाहिजे. देश स्वतंत्र व्हायला तीनच महिने होते, तेव्हा मे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांना प्राणांतिक उपोषण करावे लागले.

तळेगाव आणि देहूरोड

आमच्या मावळातही या दोन्ही स्वातंत्र्यांच्या खुणा आहेत. तळेगाव दाभाडे येथे समर्थ विद्यालय नावाची राष्ट्रीय शिक्षणाची शाळा होती. विष्णु गोविंद विजापूरकर यांनी ती १९०६ मध्ये सुरू केली. मुलांच्या मनात स्वदेशाचे प्रेम रुजवणारी ही शाळा इंग्रज सरकारने १९१० मध्ये बंद पाडली. ज्यांच्या राज्यावर सूर्य मावळत नव्हता, त्यांना मावळातल्या एका शाळेची भीती वाटली! शिक्षणात आणि पुस्तकात किती जोर असतो ते यावरून कळते.

त्याच काळात आमच्या पणजोबांना मात्र शाळेची पायरी चढता येत नव्हती. पायरीखाली बसून ऐकायचे आणि मातीत बोटाने गिरवायचे, असे आजी त्यांच्याबद्दल सांगायची. देश बांधणाऱ्या शाळेला इंग्रजांचे कुलूप लागले तेव्हा आमच्या माणसांना आपल्याच लोकांचे कुलूप होते. दोन्ही कुलपे काढायची होती.

त्याच तळेगावात पुढे बाबासाहेबांचा बंगला झाला. आज तो स्मारक म्हणून जपलेला आहे. आमचे वाचनमंडळ तिथे जाऊन आले. आणि तळेगावहून लोकलने पुढे गेले की देहूरोड लागते. तिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या दिवशी आमची आजी आपल्या वडिलांचे बोट धरून तिथे गेली होती. तिला अक्षरओळख नव्हती, पण तारीख तोंडपाठ होती. २५ डिसेंबर याच तारखेला १९२७ साली महाडला मनुस्मृतीचे दहन झाले होते. माणसाला बांधणारे पुस्तक जाळायचे आणि सोडवणारे पुस्तक हाती घ्यायचे, हे शिक्षण आमच्या समाजाला असे मिळालेले आहे.

पिठाच्या डब्यामागे

आता आमच्या फजितीकडे येतो.

वाचनमंडळात सात-आठ पुरुष आणि बायका? बायका समाजमंदिराच्या मागच्या बाजूला चहा करायच्या. स्वातंत्र्यावरची चर्चा रंगली की आम्हीच आतून आवाज द्यायचो, ‘‘अगं, अजून एकदा चहा ठेवा!’’ तीन वर्षे हे चालले आणि आमच्यापैकी एकालाही त्यात काही वावगे वाटले नाही.

आमच्या पत्नी चिक्की पॅकिंगच्या कामाला जातात. नववीत असताना त्यांचे लग्न झाले आणि शाळा सुटली. एकदा त्यांनी आमच्या पिशवीतले पुस्तक चाळायला घेतले, तेव्हा आम्ही सहज बोलून गेलो होतो, ‘‘राहू दे, तुला नाही झेपायचे ते. जेवायला वाढ.’’ बोललो आणि विसरलो.

त्यानंतर वर्षभराने बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ वाचायला घ्यावे असे मंडळात ठरले. आम्ही प्रत विकत आणली आणि ती हरवली. पिशवीत नाही, कपाटात नाही, कार्यालयात नाही. लोकलमध्ये राहिली असेल म्हणून नाद सोडला. एका रविवारी पत्नी आजारी होत्या म्हणून आम्ही भाकरीचे पीठ काढायला गेलो. फडताळातला डबा ओढला तर मागे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पुस्तक! ओल लागू नये म्हणून पिशवीला रबर लावलेला. आत खुणेला चिक्कीच्या पाकिटाचा कागद. अर्ध्याहून जास्त पुस्तक वाचून झाले होते.

आम्ही विचारले, ‘‘हे इथे कसे?’’

त्या अंथरुणावरूनच म्हणाल्या, ‘‘अहो, तुम्ही निजल्यावर वाचत होते. मागितले असते तर हसला असता.’’

आमच्या मुलीने आमच्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

बेबीताईंचे लपवलेले पान

हे इतके का लागले, ते ज्यांनी बेबीताईंची हकिकत वाचली आहे त्यांना कळेल. बेबीताई १९२९ साली आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या वीरगावच्या. पुढे त्यांचे आयुष्य फलटणला गेले. तिथे त्यांचे छोटेसे दुकान होते. सामान बांधून द्यायला रद्दीचे कागद यायचे, ते त्या आधी वाचून काढायच्या. वाचता वाचता लिहू लागल्या. पण लिहिलेले नवऱ्यापासून लपवावे लागे. सुमारे २० वर्षे त्या वह्या लपवलेल्या राहिल्या. मग १९८६ मध्ये पुस्तक निघाले. पुढे त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले आणि जगात ते वाचले जाऊ लागले. २०१२ मध्ये बेबीताई गेल्या.

त्या पुस्तकात बेबीताईंनी गावकुसाबाहेरच्या वस्तीचे हाल मांडले आहेत. पण तिथेच त्या थांबल्या नाहीत. गावाने आपल्याला गुलाम केले आणि आपल्या पुरुषांनी घरातल्या बाईला गुलाम केले, हेही त्यांनी झाकून ठेवले नाही. जे पुस्तक लिहिणारीला लपवावे लागले, तेच पुस्तक वाचणारीला आमच्या घरात लपवावे लागले. तेही वाचनमंडळाच्या चिटणिसाच्या घरात! डग्लसच्या मालकाला आम्ही नावे ठेवत होतो. पण ‘तुला झेपायचे नाही’ हे वाक्य आणि त्या मालकाची बंदी यांत फरक किती, हे आम्ही स्वतःला विचारले आणि त्या रात्री झोप लागली नाही.

मग बाबासाहेबांची दुसरी एक गोष्ट नव्याने समजली. देशाचे पहिले कायदेमंत्री, घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष. अशा माणसाने सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच्या कारणांत मोठे कारण होते हिंदू कोड बिल. बाईला वारसाहक्क, घटस्फोटाचा हक्क, तिच्या मालमत्तेवर तिचा ताबा, हे त्यात होते. ते बिल रखडवले गेले, म्हणून त्यांनी खुर्ची सोडली. देश स्वतंत्र होऊन चार वर्षे झाली होती. आमचे महामानव बाईच्या हक्कासाठी मंत्रिपदावर पाणी सोडतात आणि आम्ही त्यांच्या जयंतीची वर्गणी गोळा करतो, पण पत्नीचे एटीएम कार्ड मात्र आमच्या खिशात! होय, तेही होते. पगार त्यांचा, खाते त्यांच्या नावाचे, कार्ड आमच्याकडे. ‘तुला मशीन जमत नाही’ म्हणून.

पुढे काय झाले

कार्ड परत दिले. ते देताना आम्हाला वाटले की आता आभार मानतील. त्यांनी फक्त विचारले, ‘‘आणि आकडा?’’ तो गुप्त आकडाही आम्हीच ठरवलेला होता. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला घेऊन गेल्या आणि आकडा बदलून आल्या. तो आम्हाला माहीत नाही. पहिल्या महिन्यात जरा चुकल्यासारखे वाटले, ते लपवत नाही.

समाजमंदिरात आता चहाची पाळी लावली आहे. पुरुषांचा रविवार, बायकांचा रविवार. दादांनी पहिल्यांदा चहा केला तेव्हा साखर घालायची राहिली, तो तसाच सर्वांनी प्यायला. वाचन करायला आता बायकाही उभ्या राहतात. काही अडखळतात, जोडाक्षराला थांबतात. कोणी हसायचे नाही, हा आमच्या मंडळाचा पहिला नियम झाला आहे.

एका रविवारी सगळे कार्ल्याच्या लेण्यांना गेलो. मळवलीला उतरून चालत, मुलाबाळांसह. त्या चैत्यगृहाच्या भिंतींवर आणि खांबांवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख कोरलेले आहेत. दान देणाऱ्यांची नावे आहेत ती. त्यांत व्यापारी आहेत, सुतार आहे, परदेशातून आलेले यवन आहेत आणि भिक्खुणीही आहेत. धम्मलिपी शिकलेल्या एका कार्यकर्त्याने अक्षरावर बोट ठेवून वाचून दाखवले. आमच्या पत्नींनी विचारले, ‘‘बाईचे नाव कुठे आहे ते परत दाखवा.’’ बराच वेळ त्या तिथेच उभ्या होत्या. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात बाईने स्वतःच्या नावाने दान दिले आणि ते दगडात कोरले गेले. मधल्या काळात तिचे नाव कोणी पुसले, हे शोधणे हाही वाचनाचाच भाग आहे.

त्यांनी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीची परीक्षा दिली. मराठीत चांगले गुण पडले, गणित राहिले. पुन्हा बसणार आहेत. गणित आम्ही शिकवतो. बी.कॉम.चा उपयोग कार्यालयाबाहेर असा पहिल्यांदाच होतो आहे.

वाचायचे कसे?

आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो. पुस्तक पातळ घ्या, पण पुरते वाचा. ‘गुलामगिरी’पासून सुरुवात करावी. मग बाबासाहेबांचे ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ घ्यावे. १९३६ साली लाहोरला होणाऱ्या परिषदेसाठी त्यांनी ते भाषण तयार केले होते. परिषदच रद्द झाली, तेव्हा त्यांनी ते स्वतः छापले. त्यानंतर ‘जिणं आमुचं’, शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’, ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांची माहिती हवी असेल त्यांनी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे १९८९ चे ‘आम्हीही इतिहास घडवला’ जरूर मिळवावे.

मोठ्याने वाचा, म्हणजे ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही ऐकता येते. आमच्या आजीसारखी माणसे अजून घरोघरी आहेत आणि त्यांना पुस्तकात नसलेलेही पुष्कळ ठाऊक असते. मुलांना प्रश्न विचारू द्या. आणि प्रत्येक पुस्तक संपले की एकच प्रश्न आपण स्वतःला विचारायचा: यातले आपल्या घरात काय खरे आहे?

१५ ऑगस्टला आपण झेंडावंदनाला जातो. जावेच. तो झेंडा आपल्याही घामाचा आहे. पण परत आल्यावर घरातले फडताळ उघडून बघा. पिठाच्या डब्यामागे काही लपवलेले असेल तर ते बाहेर काढून टेबलावर ठेवा, आणि चहा आपण ठेवा.

जयभीम! नमो बुद्धाय!